सिक्स्टन हालग्रेनची तिसरी कोठी

सिक्स्टन हालग्रेनला कुणी डांबून ठेवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याची हकिकत सांगायला लागले की ऐकणारा हटकून मध्येच विचारतो, मग तो सोडून का नाही गेला? दार उघडं होतं. करार नव्हता, साहेबाची दमदाटी तर मुळीच नव्हती. आमचा साहेब उल्फ इतका मवाळ की रजा मागायला गेलं तर तोच आपली माफी मागायचा. तरी सिक्स्टन अडकला तो अडकलाच, आणि त्याच्याकडे रोज समोरच्या टेबलावरून बघत बसणं माझ्या नशिबी आलं. मी डागनी. स्वभावानं तापट आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

आमची कंपनी लहानशी, स्टॉकहोमात कुंग्सहोल्मेनच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्यांचे हजारो राउटर गावोगाव पसरलेले असतात. ते एका जागी बसून सांभाळता यावेत असं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. सिक्स्टन त्यातला सगळ्यात जुना माणूस. उंच, खांद्यात जरा वाकलेला, कोपरांवर बायकोनं ठिगळं लावून दिलेला राखाडी स्वेटर. सकाळच्या कॉफीला आम्ही दालचिनीचे बन हाणायचो, हा घरून आणलेला कडक ब्रेड चीज लावून मोडत बसायचा. गुरुवारी वाटाण्याचं सूप असलं की त्यात इतकी वाटलेली मोहरी कालवायचा की शेजारच्याच्या डोळ्याला पाणी यायचं. त्याला काही विचारलं की उत्तर यायला फार वेळ लागायचा. फोनवरचा नवखा माणूस हॅलो हॅलो करत सुटायचा, लाइन तुटली असं समजून. सिक्स्टन तिकडेच असायचा. आपण सांगणार ते खरं आहे का, हे मनात तपासून घेत असायचा.

ही खोड बापाकडून आलेली. बाप ओंगे स्टेशनात सांधेवाला होता. केबिनमधला दांडा ओढला म्हणजे बाहेर रूळ सरकलाच असं धरून चालायचं नाही, कंदील घ्यायचा आणि जाऊन बघून यायचं, हे त्यानं पोराच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. रूळ बर्फात अडकतो आणि दांड्याला त्याची खबर नसते. सिक्स्टन रेल्वेत गेला नाही, इंजिनियर झाला, पण जाऊन बघून यायची सवय काही सुटली नाही.

आता सिक्स्टन ज्यात अडकला त्या मसुद्याचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर एकाच पद्धतीनं हाताळता यावेत म्हणून जगभरातले आमच्यासारखे लोक एकत्र बसून नियम लिहितात. फार वर्षांपूर्वी असाच एक नियम लिहिला गेला. राउटरच्या पोटात सेटिंग ठेवायची कोठी असते, तिच्याबद्दलचा भाग तेव्हा तरुण असलेल्या सिक्स्टननं लिहिला. त्यात एक वाक्य होतं: या कोठीत असतं ते चालू सेटिंग. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य सुटसुटीत होतं आणि जेवायची वेळ झाली होती.

पुढं लोक ते वाक्य धरून यंत्रं बांधायला लागले तेव्हा भानगड लक्षात आली. कोठीत असतं ते आपण दिलेलं फर्मान. यंत्र प्रत्यक्षात काय करतंय ते वेगळंच असू शकतं. आपण लिहून ठेवलंय की चौथ्या खाचेतलं कार्ड सुरू कर, आणि चौथ्या खाचेत कार्डच बसवलेलं नाही. पडद्यावर मात्र चालू. एका गावात याच घोळापायी सबंध दुपार फोन मुके होते, कारण दूर बसलेला माणूस पडद्यावर विश्वास ठेवून हातावर हात धरून बसला. कुणी त्या कोठीला एक नाव द्यायचं, कुणी दुसरं, आणि प्रत्येक कंपनी आपलाच अर्थ खरा मानून चालायची.

शेवटी गटानं ठरवलं की कोठ्या कोणत्या, त्यांत काय असतं, त्यांना म्हणायचं काय, हे एकदा स्वच्छ लिहून काढायचं. आमच्या गटाच्या अध्यक्ष फिनूला, मूळच्या आयर्लंडमधल्या कॉर्कच्या, त्यांनी विचारलं, लिहिणार कोण? खोलीतले सगळे आपापले बूट न्याहाळायला लागले. सिक्स्टननं हात वर केला. ते जुनं वाक्य माझं आहे, एवढंच म्हणाला.

वर्षभराचं काम, असं सगळे धरून चालले होते.

आमच्यात मतदान नसतं. कुणाचं मत जड नाही, कुणाचं हलकं नाही, आणि आलेल्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावंच लागतं, मग तो ब्राझीलमधून येवो की बंगळुरातून. लिहिणारा मसुद्याचा मालक नसतो. चार लोकांचे शब्द तो डोक्यावर वाहतो. एक आक्षेप मिटवावा तर त्या मिटवण्यातून दोन उभे राहायचे. सकाळी सिक्स्टन संगणक उघडायचा आणि रात्रीतून अमेरिकेतली पत्रं येऊन पडलेली असायची, सगळी अतिशय सभ्य भाषेत. 'उत्तम मसुदा, फक्त एक बारीकशी शंका' अशी सुरुवात असली की मी ओळखायचे, याचा महिना गेला. मसुद्याचा क्रमांक वाढत गेला, सिक्स्टनचा चष्मा बदलला, मोहरी तेवढी होती तशीच राहिली.

मध्ये एकदा मी त्याला म्हटलं, दे ना कुणा दुसऱ्याच्या गळ्यात बांधून. त्यानं तेही करून पाहिलं होतं. एका तरुण बाईकडे मसुदा सोपवला. चार-सहा महिन्यांत तिनं नोकरी बदलली आणि मसुदा होता त्या पायरीवर परत आला. पुन्हा दुसरा शोध म्हटलं तर म्हणाला की कोणता शब्द का ठेवलाय आणि कोणता का काढलाय हे त्या माणसाला समजावण्यातच आणखी वर्ष जाईल. खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त चीड यायची.

आणि घरी गुनवोर वाट बघत होती.

गुनवोर म्हणजे सिक्स्टनची बायको. शाळेत विणकाम शिवणकाम शिकवायची, निवृत्त झाली होती. ओलांड बेटावर तिच्या वडिलांचं चुनखडी दगडाचं घर होतं, वडील गेल्यापासून बंद. छप्पर गळत होतं, आणि घरात माणूस नसलं की समुद्राचा वारा भिंतीही खातो. दोघांनी तिथं जाऊन राहायचं हे केव्हाच ठरलेलं. गुनवोरनं आपली नोकरी संपवली, हातमागही बांधून ठेवला. सिक्स्टननं तिला शब्द दिला होता, मसुदा मंजूर होऊन पुढं गेला की दुसऱ्या दिवशी मी मोकळा. उल्फनंही मान्य केलं होतं. म्हणजे मध्ये उभा होता तो एकटा मसुदा, आणि प्रत्येक ओळ ऑफिसातल्या राउटरवर स्वतः तपासून बघितल्याशिवाय सिक्स्टन लिहीत नसे, त्यामुळे बेटावर बसून ते होण्यासारखं नव्हतं. पहिल्या वर्षी ती हसून सांगायची, पुढच्या उन्हाळ्यात जाणार. नंतर नुसतंच सांगायची. मग सांगायचं सोडलं तिनं.

एकदा वसंतात त्यांच्या स्टॉकहोमातल्या, आस्पुडेनच्या घरी जेवायला गेले होते. बटाटे, बडीशेपेच्या पाल्यातला मासा, आणि खिडकीत सुटा करून ठेवलेला माग, त्याला वळसा घालूनच टेबलाशी जावं लागायचं. गुनवोर मला म्हणाली, हा काय करतो ते एकदा मला समजेल असं सांग, याला विचारलं की हा सुरुवातीपासून सांगतो.

मी सांगितलं. म्हटलं, सिक्स्टन म्हणतो कोठ्या दोन. एक लिहिलेल्याची, एक घडलेल्याची. आपण काय सांगून ठेवलं ते पहिलीत, प्रत्यक्षात काय आहे ते दुसरीत. दोन्हीत सरमिसळ करायची नाही.

गुनवोरनं काटा खाली ठेवला. "बरं. मग ओलांड कुठल्या कोठीत आहे रे?"

सिक्स्टन विचारात पडला. चेष्टेचा प्रश्न चेष्टेवारी न्यावा, हेही या माणसाला जमायचं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "लिहिलेल्याच्या."

"कळलं मला. आणि घडलेल्याच्या कोठीत काय आहे?"

"आस्पुडेन," तो म्हणाला.

"एवढं स्वच्छ कळतं तुला, आणि पगार मिळतो तो लोकांना समजावण्याचा," असं म्हणून तिनं त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले. मी हसले खरी. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मसुदा अखेर उंबरठ्यावर आला. आक्षेप एकेक करत गळून पडले आणि एकच उरला, डिटमार पोलचा. डिटमार जर्मनीतल्या ब्रेमेनचा, मोठे राउटर बनवणाऱ्या एका कंपनीतला. नीटनेटका, वेळेवर येणारा, कधी आवाज न चढवणारा. मला तो डोळ्यासमोर नको असायचा. त्याचं म्हणणं असं की कोठ्या दोन पुरत नाहीत, तीन हव्यात. राउटरला फर्मान देताना लोक सगळं फोडून लिहीत नाहीत, साचे वापरतात. वाण्याला आपण चिठ्ठी देतो, नेहमीचं सामान पाठव. हे झालं लिहिलेलं. वाणी त्याचा अर्थ लावतो, पीठ इतकं, लोणी इतकं, हेरिंग माशांचा डबा एक. हे झालं ठरलेलं. आणि घरी येऊन पडतं ते तिसरंच. डिटमार म्हणायचा की मधल्याला स्वतःची कोठी हवी. सिक्स्टनचं उत्तर होतं की मधलं यंत्राच्या पोटातलं काम आहे, बाहेरच्याला ते दाखवायचं कारण नाही. या एका मुद्द्यावर वर्षभर पत्रं चालली. तिसरी कोठी घ्यायची तर अर्धा मसुदा उसवून पुन्हा शिवावा लागणार होता.

जुलैत प्रागला बैठक होती. सगळं स्वीडन जुलैत कामधंदा सोडून पाण्याकाठी जाऊन पडतं, आणि आमच्या बैठका नेमक्या तेव्हाच यायच्या. गुनवोरचे किती उन्हाळे त्यात गेले. निघायच्या आदल्या दिवशी ती ऑफिसात आली, सिक्स्टनचा विसरलेला पासपोर्ट घेऊन. माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "सामानाची गाडी ऑगस्टच्या मध्यावर सांगितलीय. छप्पर आणखी एक हिवाळा काढणार नाही. तू मोकळा झालास तर दोघं जाऊ, नाही झालास तर मी जाईन. भांडत नाहीये, सांगतेय." सिक्स्टननं पासपोर्ट घेतला आणि म्हणाला, या वेळी होईल. खरंच होणार होतं. फिनूलांनी मला खाजगीत सांगितलं होतं की गट कंटाळलाय, डिटमारच्या बाजूला फारसं कुणी नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी हॉटेलात न्याहारीला सिक्स्टन आणि मी बसलो होतो. डिटमार ताट घेऊन आला आणि बसू का म्हणाला. मी नको म्हणणार होते, तोवर सिक्स्टननं खुर्ची ओढून दिली.

डिटमार वाद घालायला आला नव्हता. तो म्हणाला की मी हरणार हे मला दिसतंय, फक्त एक गोष्ट तुला समोरासमोर विचारायची राहिली. "समज, लिहिलंय एक आणि घडलंय दुसरंच. मधे काही दिसत नाही. मग दोष कुणाचा? साचा चुकीचा उलगडला की यंत्रानं ऐकलं नाही? तुझा माणूस बघायला कुठं जाईल?"

सिक्स्टन गप्प झाला. नेहमीचंच गप्प होणं असेल म्हणून मी कॉफी आणायला गेले. परत आले तरी तो तसाच, हातात अंडं, अंड्याचं टरफल अर्धं सोललेलं. डिटमारनं आपली न्याहारी संपवली, शुभेच्छा दिल्या आणि निघून गेला. सिक्स्टन अंडं तसंच ताटात ठेवून उठला.

लिफ्टमध्ये मी त्याला बजावलं. म्हटलं, आहे तसा जाऊ दे पुढं. छापून येऊ दे. तिसरी कोठी काय ती पुढचा माणूस नंतर जोडेल, असंच चालतं जगात.

"पुढचा म्हणजे कोण?" त्यानं विचारलं. मजला आला आणि मी आधी बाहेर पडले.

बैठकीचा हॉल तळघरात. खिडकी नाही, जाड गालिचा, बाहेर भर उन्हाळा आणि आत इतका गारठा की लोक कोट घालून बसलेले. भाषणं झाली, शंका झाल्या. डिटमारनं मायक्रोफोनशी जाऊन आपलं म्हणणं दोन वाक्यांत मांडलं आणि रांगेतून बाजूला झाला. सिक्स्टन आणि मी मागच्या भिंतीला टेकून उभे होतो, त्याला पाठीमुळे फार वेळ बसवत नसे.

मग फिनूलांनी हुंकार मागितला. आमच्यात हीच रीत. हात वर करायचे नाहीत, कारण हात मोजता येतात आणि कुणाचा वर होता हे त्याच्या साहेबाला दिसतं. त्यापेक्षा तोंड मिटून घशातल्या घशात हूं करायचं. कोण करतंय ते कुणाला दिसत नाही. कोणत्या बाजूचा आवाज भरीव, ते अध्यक्षांनी कानानं ठरवायचं. बाहेरच्याला हे सांगितलं की तो आपल्याला वेड्यात काढतो, पण इंटरनेटचे बरेच नियम असे हुंकारावर ठरलेत.

मसुदा आहे तसा पुढं पाठवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी, फिनूला म्हणाल्या. मी छाती भरून श्वास घेतला आणि संपेपर्यंत हुंकार दिला. हॉलभर मधमाश्यांसारखी गुणगुण उठली, चांगली घसघशीत. सिक्स्टन माझ्या डाव्या हाताला गप्प उभा होता. आपल्याच मसुद्याला हुंकार द्यायला लाजत असेल, असं मला वाटलं. आणि आता गुनवोरला फोन करताना हा काय म्हणेल, याचाच मी विचार करत होते.

मसुदा अजून तयार नाही, तिसरी कोठी हवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी. पुढच्या रांगांतून चार-दोन बारीक आवाज आले. डिटमारचा असेल, त्याच्या कंपनीतल्या दोघांचे असतील. विझतच चालले होते ते. तेवढ्यात माझ्या खांद्याशी एक आवाज सुरू झाला, खर्जातला. सिक्स्टनचा आवाज बोलताना कुणाच्या लक्षात यायचा नाही, पण माणूस सहा फुटांहून उंच होता आणि छाती त्या मानानं. मी त्याच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, हात मागं भिंतीवर, तोंड बंद. मी त्याच्या बुटावर पाय दिला, जोरात. त्यानं पाय काढून घेतला नाही आणि आवाजही थांबवला नाही. मागून एवढा भरीव आवाज येतोय म्हटल्यावर ज्यांचं मन आधीपासून डळमळत होतं ते हळूहळू त्यात मिसळले. एकेक रांग करत सगळा हॉल भरला.

फिनूलांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, दुसरा हुंकार स्पष्टपणे मोठा आहे, मसुदा गटाकडे परत. डिटमार मागं वळून बघायला लागला, हे आवाज आले कुठून, अशा चेहऱ्यानं. मग फिनूलांनी विचारलं, लिहिणारा सिक्स्टनच राहिला तर कुणाची हरकत? कुणाची असणार? उलट टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं, बिचारा हरला तरी धीरानं घेतोय.

बाहेरच्या बोळात मी त्याला भिंतीशी गाठलं. राग माझ्या नाकावर असतो, पण त्या दिवशी अंगाचा तिळपापड झाला होता.

"हे काय केलंस तू?"

"तो बरोबर म्हणतोय, डागनी."

"म्हणू दे ना. तू गप्प राहायचंस. दोन मिनिटं तोंड मिटून उभं राहायचं होतं फक्त."

"मिटलेलंच होतं," सिक्स्टन म्हणाला. थट्टा नव्हती ती, त्याला तसंच वाटलं.

"कुणी मागितलं होतं रे तुझं मत?"

त्यानं विचार केला. "अध्यक्षांनी. सगळ्यांना विचारलं त्यांनी."

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं. मी विचारलं, आता गुनवोरला काय सांगणार. झालं ते सांगणार, म्हणाला. तिथंच कोपऱ्यात जाऊन त्यानं फोन लावला. मला ऐकू येत होतं. नाही झालं, म्हणाला. वर्ष तरी, कदाचित जास्त. मग बराच वेळ ऐकत राहिला. हो, म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा हो. फोन खिशात ठेवून तो वळला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की मी त्याच्या वाटेतून बाजूला झाले. दुपारी तो डिटमारबरोबर बसून तिसऱ्या कोठीची पहिली ओळ लिहीत होता.

ऑगस्टच्या मध्यावर गाडी आली. आमच्याकडे घर हलवायचं म्हणजे मित्रांनी येऊन सामान वाहायचं आणि शेवटी खोक्यांवर बसून पिझ्झा खायचा. उल्फ आला होता, मी होते, गुनवोरच्या शाळेतल्या दोघी होत्या. सिक्स्टननं सगळ्यात जड सामान उचललं. मागाचे लाकडी खांब एकट्यानं तीन जिने उतरवले, पाठीचं दुखणं विसरून. आरसा कुठं ठेवायचा, दोऱ्यांची पेटी वर हवी की खाली, एवढंच दोघं बोलत होती, आणि तेही अगदी हळू, घरात कुणी आजारी असावं तसं. घर अर्धं रिकामं झालं. माग गेल्यामुळे टेबलाशी आता सरळ जाता येत होतं.

सिक्स्टन वर केर काढायला थांबला. खाली गुनवोर गाडीत ड्रायव्हरशेजारी चढून बसली होती, दार उघडं ठेवून. ड्रायव्हर मागं दोऱ्या आवळत होता. मी निरोप घ्यायला गेले तर तिनं माझा हात धरून ठेवला.

"खरं सांग. विरोधात किती जण होते?"

मी म्हटलं, आमच्यात मोजत नाहीत.

"मग कुणाचा आवाज होता?"

मी रस्त्याकडे बघितलं. खोटं बोलणं मला जमतं, गरज पडली तर चांगलं जमतं. पण तिच्यापुढं नाही जमलं.

"राहू दे," गुनवोर म्हणाली. "मला फोनवरच कळलं होतं. नाही झालं म्हणाला. त्यांनी होऊ दिलं नाही, असं एकदाही म्हणाला नाही." तिनं माझा हात सोडला आणि मांडीवरचा पट्टा नीट केला. "त्या दिवशी तो खोटा गप्प बसला असता ना, तर आज इथं माझ्या शेजारी असता. आणि मला त्याच्या शेजारी बसणं सहन झालं नसतं."

मला तिचाही राग आला. दोघांचाही आला. एकानं तरी जरा लबाड असावं घरात, असं मनात आलं.

सिक्स्टन खाली आला. हातात सुपली तशीच होती, स्वेटरला धूळ. तो गाडीच्या उघड्या दाराशी येऊन उभा राहिला. गुनवोर मधल्या जागेवर बसली होती, खिडकीशेजारची जागा रिकामी होती. दोघं एकमेकांकडे बघत होती, आणि मी कुठं बघावं ते मला सुचेना.

ड्रायव्हर पुढं येऊन आपल्या जागेवर चढला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं वाकून सिक्स्टनला विचारलं, "तुला यायचंय का?"

"यायचंय," सिक्स्टन म्हणाला.

ड्रायव्हर थोडा वेळ थांबला. सिक्स्टन जागचा हलला नाही. मग गुनवोरनं हात लांबवून दार ओढून घेतलं.